मोटर पुन्हा जळाली? ‘फेज गेला’ म्हणण्याआधी काय मोजायचं

हरभरा-गव्हाला पाणी सुरू झालं की रिवाइंडिंगच्या दुकानांत मोटरींची रांग लागते. त्यातल्या कितीतरी मोटरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलेल्या असतात. वाइंडिंग नवं भरलं, बुश बदलले, मोटर विहिरीत सोडली आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. मोटर दुरुस्त होते, पण तिला जाळणारी गोष्ट वावरातच राहते.

ती सापडत नाही याचं एक मोठं कारण आपल्या बोलण्यात आहे. ‘फेज गेला’, ‘लोड आला’, ‘शॉर्ट झाली’, ‘करंट कमी आहे’ या चार वाक्यांत आपण डझनभर वेगवेगळे बिघाड बसवतो. ‘करंट कमी आहे’ हेच बघा. म्हणायचं असतं की व्होल्टेज कमी आहे, पण त्याच वेळी क्लॅम्प मीटर लावला तर करंट वाढलेला दिसतो, आणि मोटर जळते ती त्या वाढलेल्या करंटनेच. शब्द चुकला की उपाय चुकतो. म्हणून खाली प्रत्येक शब्दामागचा नेमका बिघाड आणि तो कशाने मोजायचा, हे सांगितलं आहे. उदाहरणं ५ एचपीच्या थ्री-फेज, म्हणजे तीन फेजच्या तारांतून वीज घेणाऱ्या, सबमर्सिबलची घेतली आहेत. काठावरच्या मोनोब्लॉकलाही बहुतेक सगळं लागू पडतं.

दोन वस्तू जवळ हव्यात: एसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, ज्याला बरेच वायरमन टाँगटेस्टर म्हणतात, आणि व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर. बहुतेक क्लॅम्प मीटरमध्ये दोन्ही असतं. पाच-सहा शेजारी मिळून एक मीटर घेतला तरी चालतो, एका रिवाइंडिंगच्या खर्चापुढे तो काहीच नाही. टेस्टरचा दिवा फक्त ‘काहीतरी आहे’ एवढंच सांगतो, ११० व्होल्टलाही पेटतो आणि २४० लाही. त्यावर निदान करू नये.

सुरक्षेचं एकदाच, पण ठासून. स्टार्टर उघडा ठेवून घेतलेली रीडिंग जाणत्या वायरमननेच घ्यावीत, पायात कोरडे बूट, हात कोरडे. डीपीचा (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचा) डीओ फ्यूज आणि खांबावरचा जंपर, म्हणजे तारांना जोडणारा तुकडा, यांना लाइनमनशिवाय कोणीही हात लावू नये. शेजारच्या वावरात मोटर चालू आहे आणि आपल्याकडे एक फेज नाही, म्हणून कुणी बांबूने डीओ बसवायला गेलं तर वर ११,००० व्होल्ट आहेत. तक्रार महावितरणच्या १९१२ वर करा आणि थांबा.

आधी जळालेलं वाइंडिंग बघा

मोटर दुकानात टाकून घरी येऊ नका. जुनं वाइंडिंग कापण्याआधी उघडलेल्या मोटरीचा फोटो घ्या. निम्मं निदान तिथेच होतं.

तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर मोटर ओव्हरलोडने, फार कमी व्होल्टेजने किंवा रोटर अडकून जळाली आहे, आणि वेळेवर तोडायचं काम असलेला ओव्हरलोड रिले गप्प बसला आहे. स्टार जोडणीच्या (तिन्ही फेजच्या कॉइलची एकेक टोकं एकत्र बांधलेल्या) मोटरीत दोन फेजच्या कॉइल जळालेल्या आणि तिसरीच्या नव्यासारख्या दिसल्या तर ते सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज गेल्यावरही मोटर उरलेल्या दोनांवर फिरत राहणं. डेल्टा जोडणीत (कॉइल त्रिकोणात जोडलेल्या असतात तिथे) चित्र उलटं असतं, एक फेज जळालेला आणि दोन चांगले. हा फरक लक्षात न घेतल्याने ‘एकच फेज जळाला म्हणजे वाइंडिंगच कच्चं होतं’ असा चुकीचा ठपका रिवाइंडरवर येतो. एकाच ठिकाणी खड्डा पडून तांबं वितळलं असेल आणि बाकी सगळं स्वच्छ असेल तर इन्सुलेशन तिथे फुटलं आहे: आकाशातली वीज, भरताना खरचटलेली तार किंवा आत शिरलेलं गढूळ पाणी.

आत पाणी भरून चालवायच्या सबमर्सिबलमध्ये प्लास्टिकचं आवरण असलेली वाइंडिंग वायर असते, त्यामुळे तिथे काळेपणापेक्षा वितळलेलं, चिकटलेलं आवरण दिसतं. खुणा वाचायची पद्धत तीच.

‘फेज गेला’ म्हणजे नेमकं काय

तीन ठिकाणी फेज जाऊ शकतो: डीपीच्या ११ केव्ही (११,००० व्होल्टच्या) बाजूला, डीपीनंतरच्या एलटी (कमी व्होल्टेजच्या) बाजूला, किंवा तुमच्याच पेटीत. तिघांची रीडिंग वेगळी येतात. मोटर बंद करून, मेन स्विचच्या येणाऱ्या टोकांवर सहा रीडिंग घ्या: आर-वाय, वाय-बी, बी-आर (आर, वाय, बी ही तीन फेजची नावं), आणि प्रत्येक फेज ते न्यूट्रल.

ठणठणीत सप्लायवर फेज-फेजमध्ये साधारण ४१५ आणि फेज-न्यूट्रलमध्ये २४० च्या आसपास येतात. इथे सहाही अशी येऊनही मोटरला एक फेज मिळत नसेल तर बिघाड तुमच्याच पेटीत.

११ केव्ही बाजूचा एक डीओ उडाला असेल तर एक फेज न्यूट्रलशी २४० दाखवतो आणि उरलेले दोन १२० च्या जवळपास. फेज-फेजमध्ये दोन जोड्यांत ३६० च्या आसपास आणि तिसऱ्या जोडीत जवळजवळ शून्य. डीपीच्या प्रायमरीला, म्हणजे ११ केव्ही बाजूच्या वाइंडिंगला, डेल्टा जोडणी असते, एक तार गेली की दोन वाइंडिंग सिरीजमध्ये येऊन व्होल्टेज निम्मं-निम्मं वाटून घेतात, म्हणून असं होतं. वस्तीवरचे दोन फेजचे बल्ब मिणमिणतात आणि एकाचा छान पेटतो, ही याची उघड खूण. इथे पेटीतला फ्यूज बदलत बसण्यात अर्थ नाही, बिघाड वर आहे.

एलटी बाजूचा फ्यूज उडाला किंवा जंपर सुटला तर एक फेज पूर्ण मेलेला असतो, उरलेल्या दोघांत ४१५ व्यवस्थित. पण इथे मीटर फसवतो. त्याच डीपीवर कुणाची मोटर दोन फेजवर फिरत असेल किंवा कॅपॅसिटर जोडलेला असेल, तर मेलेल्या फेजवरही मागून व्होल्टेज येतं. लांब केबलमध्ये तर काहीच जोडलेलं नसताना डिजिटल मीटर पन्नास-शंभर व्होल्ट दाखवून मोकळा होतो. खात्री टेस्ट लॅम्पने करा: सारख्या वॅटचे दोन साधे बल्ब सिरीजमध्ये जोडून फेज-फेजवर लावा. दोन्ही स्वच्छ पेटले तर फेज खरा आहे. लावताच मंद पडले तर ते व्होल्टेज पोकळ आहे.

आणि चौथा प्रकार, ज्यालाही लोक ‘फेज गेला’च म्हणतात: न्यूट्रल तुटणं. फेज-फेजची तिन्ही रीडिंग बरोबर, मोटर निवांत चालते, पण खोलीतला बल्ब भगभगीत पेटून उडतो आणि शेजारचा मंद होतो. थ्री-फेज मोटरला न्यूट्रल लागत नाही, म्हणून तिला फरक पडत नाही. अशा वेळी बल्बसाठी अर्थिंगच्या तारेचा न्यूट्रल करू नका. परतीचा करंट अर्थच्या पाइपातून वाहू लागतो, आणि त्या अर्थला जोडलेली प्रत्येक लोखंडी वस्तू, स्टार्टरची पेटीसुद्धा, झटका द्यायला लागू शकते.

फेज गेला तरी स्टार्टर का पडत नाही

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तर स्टार्टरच्या आतल्या जोडणीत आहे. साध्या डीओएल (मोटर थेट लाइनवर टाकणाऱ्या) स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल, म्हणजे स्टार्टर धरून ठेवणाऱ्या चुंबकाची कॉइल, दोनच फेजवर असते. समजा ती आर आणि बी वर आहे. वाय फेज गेला तर कॉइलला काहीच कळत नाही, ती कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा आतला स्विच) घट्ट धरून ठेवते आणि मोटर दोन फेजवर फिरत राहते. आर किंवा बी गेला असता तर स्टार्टर पडला असता. म्हणून एखाद्या वावरात ‘फेज गेला की स्टार्टर आपोआप पडतो’ असा अनुभव असतो आणि शेजारी मोटर जळते. दोघंही खरं सांगत असतात.

दोन फेजवर फिरणाऱ्या पूर्ण लोडच्या मोटरीत उरलेल्या दोन तारांतला करंट साधारण पावणेदोन पट होतो, प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. ९ अँपिअरची मोटर १६ वर जाते. तेवढ्यावर रिले पडायला हवा. पण मोटर अर्ध्या लोडवर असेल, समजा ५ अँपिअरवर, तर तिचे ९ होतात आणि रिलेला ते ठीक वाटतं. डेल्टा मोटरीत तर आतल्या एका वाइंडिंगमधला करंट बाहेरच्या तारेतल्या वाढीपेक्षा जास्त वाढलेला असतो. रिले बाहेर बघतो, जळतं आत.

म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर वेगळा लावायचा, ओव्हरलोड रिले त्याची जागा घेत नाही. प्रिव्हेंटर दोन प्रकारचे मिळतात. फक्त व्होल्टेज बघणारा स्वस्त असतो, पण चालू मोटर स्वतःच मेलेल्या फेजवर व्होल्टेज तयार करते आणि तो फसू शकतो. तिन्ही तारांतून करंट बघणारा, म्हणजे सीटी (तारेभोवतीचं करंट मोजणारं कडं) असलेला, फसत नाही. खर्च करायचाच तर दुसऱ्यावर करा, आणि लावल्यावर तपासा: मोटर बंद करून एका फेजचा फ्यूज काढा, स्टार्ट दाबा, काही सेकंदांत स्टार्टर पडलाच पाहिजे. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेजचा. पडायला उशीर झाला तर लगेच हाताने स्टॉप दाबा, उभी मोटर दोन फेजवर पाच-सहा पट करंट ओढते.

डीपी दुरुस्त होऊन आल्यावर प्रिव्हेंटर मोटर सुरूच करू देत नसेल तर तो बिघडला असं समजून बायपास करू नका. बहुतेक वेळा खांबावर फेजचा क्रम उलटलेला असतो आणि प्रिव्हेंटर बरोबर तेच सांगत असतो. येणाऱ्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा. प्रिव्हेंटर नसेल तर मोटर उलटी फिरते. पंप उलटा फिरूनही थोडं पाणी फेकतो, त्यामुळे ‘पाणी कमी झालं’ म्हणून लोक बोअरला दोष देतात.

रात्री लाइन सिंगल फेज झाल्यावर कॅपॅसिटर लावून मोटर फिरवण्याचा जुगाड गावोगावी आहे. तो तिसरा फेज खरा नसतो, लोडप्रमाणे त्याचा कोन आणि व्होल्टेज बदलतं आणि वाइंडिंग असमान तापतं. ५ एचपीच्या मोटरीवर हे रोज करणं म्हणजे रिवाइंडिंगचा दिवस ठरवून घेणं. शिवाय तोच कॅपॅसिटर शेजाऱ्यांच्या मेलेल्या फेजवर व्होल्टेज ढकलून त्यांचे प्रिव्हेंटर फसवतो.

‘करंट कमी आहे’, म्हणजे व्होल्टेज कमी

४१५ च्या वर-खाली ६ टक्के, म्हणजे साधारण ३९० ते ४४०, हा चांगला पट्टा. मोटर चालू असताना मोजा, बंद असताना नाही. रिकाम्या लाइनवर ४०० दाखवणारी जागा मोटर सुरू होताच ३५० वर बसते.

३५० व्होल्टला सुरुवातीचा जोर सुमारे ७१ टक्के उरतो आणि ३०० ला ५२, कारण टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. पंपाला लागणारी ताकद मात्र तेवढीच, म्हणून मोटर करंट वाढवून ती भरून काढते. ९ अँपिअरची मोटर ३५० व्होल्टला साडेदहाच्या घरात जाते. तास-दोन तास ठीक, पाण्याच्या पूर्ण पाळीभर नाही.

कमी व्होल्टेज दोन ठिकाणी तयार होतं आणि ते वेगळं काढणं सोपं आहे. मोटर चालू असताना खांबाजवळच्या मीटरपेटीत आणि नंतर स्टार्टरवर रीडिंग घ्या. दोघांतला फरक तुमच्या केबलचा. ३०० मीटर अंतरावर ९ अँपिअरला २.५ चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये सुमारे २८ व्होल्ट जातात, ४ चौरस मिमीमध्ये १७, आणि ६ चौरस मिमीमध्ये ११-१२. तापलेल्या केबलमध्ये आणखी थोडे. बोअरमधली खोली या अंतरात धरायची असते, हे हमखास विसरलं जातं. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात बोअर इतके खोल गेले आहेत की खाली उतरलेली केबलच दीडशे-दोनशे मीटरची होते. पाणी खाली गेलं म्हणून मोटर आणखी खाली सोडली तर केबलची जाडीही पुन्हा बघायला हवी.

मीटरपेटीतच व्होल्टेज कमी असेल तर प्रश्न डीपीचा. १०० केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता साधारण १३३ अँपिअर, ६३ केव्हीएची ८४. ५ एचपीच्या दहा मोटरी चालू असताना ९० अँपिअर घेतात, म्हणजे १०० च्या डीपीला काहीच जड नाही. पण लाइन येताच दहाही ऑटो स्विचने एकदम उठल्या तर सुरुवातीचा करंट सहा पट धरून ५४० होतो. व्होल्टेज कोसळतं, कोणतीच मोटर वेग घेत नाही, सगळ्या जास्त वेळ जास्त करंट ओढतात, आणि मग डीओ उडतो किंवा डीपीच जळते. महावितरण ऑटो स्विच काढायला सांगतं ते यासाठी. रात्रीच्या पाळीत साप-विंचवाच्या अंधारात धुऱ्यावरून जायचं नाही म्हणून लोक तो लावतात, हेही खरं आहे. निदान एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून ठरवा आणि प्रत्येकाच्या टायमरला वेगळा उशीर द्या: पहिल्याला १ मिनिट, दुसऱ्याला २, असं दहापर्यंत. हा उपाय फुकट आहे आणि एकट्याने करून चालत नाही.

कॅपॅसिटरने डीपीवरचा भार खरंच हलका होतो. ३ एचपीला १ केव्हीएआर (कॅपॅसिटरच्या क्षमतेचं माप), ५ ला २, साडेसातला ३. जोडताना स्टार्टरच्या मोटरकडच्या टोकांवर जोडा, म्हणजे मोटर बंद झाली की तोही सुटतो. एक मेख मात्र आहे: रिलेच्या पुढे कॅपॅसिटर बसला की रिलेतून जाणारा करंट घटतो, ९ चा सुमारे पावणेआठ होतो. रिले जुन्याच ९ वर ठेवला तर तो ढिला पडला. नवं रीडिंग घेऊन खाली आणायचा. फुगलेला कॅपॅसिटर लगेच काढा, त्याचा एक भाग मेला असेल तर तिन्ही तारांत करंट असमान दिसतो आणि दोष मोटरवर जातो.

‘लोड घेते’

नेमप्लेटवर लिहिलेला अँपिअरचा आकडा वहीत उतरवून ठेवा, मोटर खाली गेल्यावर तो वाचता येत नाही. रिलेचं सेटिंग चांगल्या व्होल्टेजला प्रत्यक्ष मोजलेल्या करंटपेक्षा ५ ते १० टक्के जास्त, पण नेमप्लेटच्या आकड्याच्या वर कधीही नाही. मोजलेला ८.६ आणि नेमप्लेटवर ९.५ असेल तर ९ ते ९.५ च्या मध्ये. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा आतल्या फेजच्या तारांवर असतो, तिथे नेमप्लेटच्या ०.५८ पट सेटिंग लागतं. ७.५ एचपीची १४ अँपिअरची मोटर असेल तर रिले ८ वर हवा. तो १४ वर लावलेला अनेक पेट्यांत दिसतो. अशा पेटीत ओव्हरलोड रिले आहे असं म्हणता येत नाही.

रिले वारंवार पडतो म्हणून सेटिंग वाढवणं ही सर्वांत महाग चूक. आधी करंट बघा. करंट सेटिंगच्या खाली आणि तरी रिले पडतो, हे एप्रिल-मेमध्ये होतं. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे सावलीतच पारा ४५ च्या वर जातो. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त, आणि द्विधातू पट्टीचा रिले उष्णतेवरच चालतो. पेटीला सावली करा, खाली-वर जाळी लावून हवा फिरू द्या. दुसरं कारण रिलेच्या टोकावरचा ढिला स्क्रू: तो जागेवरच तापतो आणि पट्टीला गरम करतो.

करंट खरंच जास्त असेल आणि व्होल्टेज बरोबर असेल तर पंपात वाळू, घासणारे इंपेलर किंवा झिजलेले बुश. पण एक कारण लोकांच्या ध्यानात येत नाही. बोअरचा पंप खोल पाण्यासाठी निवडलेला असतो. पावसाळ्यानंतर पाणी वर येतं, चढ कमी होतो, पाणी जास्त फेकलं जातं आणि करंट वाढतो. ऑक्टोबरमध्ये ‘पाणी भरपूर आणि मोटर गरम’ दिसलं तर वरचा व्हॉल्व्ह थोडा आवळा आणि क्लॅम्प मीटर बघत राहा, अँपिअर खाली उतरतील. पाणी दाबल्यावर लोड कमी होतो हे अनेकांना पटत नाही. मीटर समोर ठेवून करून बघा.

तिन्ही अँपिअर सारखे नाहीत

आर-वाय ४१०, वाय-बी ४००, बी-आर ३७५ अशी रीडिंग आली. सरासरी ३९५. सरासरीपासून सर्वांत लांबचा आकडा २० ने दूर, म्हणजे ५ टक्के असमतोल. ऐकायला थोडा वाटतो. पण व्होल्टेजमधला १ टक्का असमतोल करंटमध्ये ६ ते १० टक्के होऊन येतो, आणि तापमानवाढ असमतोलाच्या वर्गाच्या दुपटीने चढते: ५ चा वर्ग २५, त्याची दुप्पट ५० टक्के. ५ च्या वर मोटर चालवूच नये.

दोष लाइनीचा की मोटरीचा, हे तारा फिरवून कळतं. स्टार्टरच्या बाहेर जाणाऱ्या टोकांवर आर ला यू, वाय ला व्ही, बी ला डब्ल्यू (यू, व्ही, डब्ल्यू म्हणजे मोटरीच्या तीन तारा) अशी जोडणी असेल तर तिन्ही अँपिअर लिहा. लाइन बंद करून तिन्ही तारा एक-एक घर सरकवा: आर ला डब्ल्यू, वाय ला यू, बी ला व्ही. तिन्ही एकदम सरकल्याने मोटर उलटी फिरत नाही. पुन्हा लिहा. तिसऱ्यांदा सरकवून पुन्हा. जास्तीचा करंट दर वेळी त्याच लाइन फेजवर, समजा वाय वरच, राहिला तर दोष सप्लायचा. तो मोटरीच्या त्याच तारेबरोबर फिरत गेला तर दोष मोटर, केबल किंवा जॉइंटचा. तिन्ही जोडण्यांत ज्यात करंट सर्वांत सारखे येतात ती कायम ठेवा. मोटर वर न काढता, १५ मिनिटांत, पाइप उपसायची मजुरी वाचवणारी ही चाचणी आहे. ती न करता मोटर वर काढायला कोणी सांगितलं तर आधी ही करायला सांगा.

सप्लायचा दोष निघाला तर खांबाकडे धावण्याआधी स्वतःची पेटी तपासा. मोटर चालू असताना एकाच फेजच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या टोकांत व्होल्टेज मोजा, किटकॅटवर (फ्यूजच्या होल्डरवर) आणि कॉन्टॅक्टरवर वेगवेगळं. चांगल्या जोडावर जवळजवळ शून्य येतं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर तो जोड खराब. तीन फेजची तुलना केली की दोषी लगेच उठून दिसतो. ॲल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरला तांब्याची तार नुसती पिळलेली असेल तर तिथे गंज धरणारच. दोन धातूंचा जोड बायमेटल लगमध्येच करायचा.

स्टार्टर टर्रर्र करतो

कमी व्होल्टेजला कॉइल पूर्ण ओढत नाही आणि कॉन्टॅक्ट थरथरतात. साधारण ८५ टक्के व्होल्टेजला कॉइलने पकडलंच पाहिजे. व्होल्टेज ठीक असून आवाज येत असेल तर चुंबकाच्या तोंडावर धूळ, गंज किंवा मुंग्या. मुंग्या पेटीत घर करतात आणि कॉन्टॅक्टच्या मध्ये चिरडल्या जातात, एक फेज नीट लागत नाही आणि घरच्या घरी सिंगल फेजिंग होतं. पाल दोन फेजमध्ये आडवी पडली की फ्यूज उडतो. केबल शिरायची भोकं रबरी ग्लँडने बंद करा. काळे, खड्डे पडलेले कॉन्टॅक्ट काचकागदाने घासू नका, त्यावरचा चांदीचा थर जातो. तिन्ही एकदम बदला.

‘शॉर्ट झाली’

दोन फेज एकमेकांना चिकटले तर शॉर्ट. वाइंडिंग बॉडीला लागलं तर अर्थ फॉल्ट. तार मध्येच तुटली तर ओपन. तिघांवर उपाय वेगळे.

स्टार्टर आणि कॅपॅसिटर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) मोटरच्या तारा ते अर्थ मोजा. पाण्यातल्या चांगल्या मोटरला कित्येक मेगाओम येतात, १ च्या खाली आलं की संशय घ्या, ०.५ च्या खाली मोटर चालवू नका. नंतर यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू चे ओहम: तिन्ही सारखे हवेत, ५ टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे जॉइंट किंवा वाइंडिंग.

मोटर वर काढलीत तर केबलचा जॉइंट कापून मोटर वेगळी मेगर करा. पाण्यातला दोष बहुतेक वेळा जॉइंटमध्येच असतो, आणि चांगली मोटर उगाच रिवाइंड होते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर जास्तच, खाऱ्या पाण्याला टेपमधली केसाएवढी फट पुरते. तिन्ही जोड एकाच रेषेत न घेता दोन-दोन इंचांनी मागेपुढे घ्या. त्यावर ओढून रबर टेप, वर पीव्हीसी टेप. मग तो जॉइंट मिठाच्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवून पाणी ते तार मेगर करा. बादलीत नापास झालेला जॉइंट विहिरीत पास होत नाही.

पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर मोटर बंद ठेवा. आपल्या काळ्या जमिनीत अर्थिंगचा एक खास त्रास आहे: उन्हाळ्यात भेगा पडतात आणि माती पाइपापासून सुटते. पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात कामाचं राहत नाही. किमान अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती मीठ-कोळसा, आणि उन्हाळ्यात आठवड्याला त्यात दोन बादल्या पाणी.

रिवाइंडिंगनंतर खाली सोडताना

रिवाइंडरकडून जुनेच टर्न (तारेचे वेढे) आणि जुनाच गेज (तारेची जाडी) भरल्याची खात्री करा, आणि तिन्ही फेजचा नो-लोड, म्हणजे पंप न जोडता येणारा, करंट लिहून घ्या. पाणी भरायची मोटर स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरा, हलवून बुडबुडे निघू द्या, पुन्हा भरा. कोरडी सोडलेली मोटर पहिल्याच दिवशी बुश खाते. पाणी संपल्यावर कोरडं चालणं थांबवायला अंडर-करंट सेटिंग (करंट फार घटला की मोटर बंद करणारं) भरल्या पंपाच्या अँपिअरच्या सुमारे ७५ टक्क्यांवर ठेवा.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने तीन व्होल्टेज आणि तीन अँपिअर घ्या, तारखेसह पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहा. पुढच्या वेळी मोटर ‘लोड घ्यायला’ लागली की वायरमन दार उघडेल आणि आजचा आकडा त्या आकड्याशी लावून बघेल.